दोघांत एक पिशवी

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जन्मभर जिनेच चढतो, असं मास्तर म्हणत. बरोबरच आहे. लिफ्ट बंद पडते तेव्हाच त्याला बोलावणं येतं, आणि तिचं यंत्र असतं गच्चीवर. सहा-सात मजले पाठीवर ओझं घेऊन चढल्यावर मग माणसाला अक्कल येते की आपल्याला जगायला नक्की काय काय लागतं. हत्यारं तर सोडता येत नाहीत. मीटर लागतो, पाने लागतात, ग्रीसचा डबा लागतो. मग कमी काय करायचं? स्वतःचंच सामान. त्या बाबतीत मास्तरांच्या अंगात दयामाया नव्हती.

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. कंपनीतल्या निम्म्या मेकॅनिकांना त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायला लागले, आणि पुढं पुढं पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारू लागला. दौऱ्यावर निघताना त्यांच्या सॅकमध्ये दोन शर्ट, एक पँट, आतले कपडे, एक पातळ टॉवेल आणि दाढीची पिशवी. संपलं. आठ दिवसांचा दौरा असो की दोन दिवसांचा, सामान तेच. "आठ दिवसांसाठी आठ शर्ट नेणारा माणूस धुवायला आळशी असतो," हे वर.

दाढीची पिशवी तपकिरी रेक्झिनची, लग्नात मेहुण्यानं दिलेली. लग्नातल्या वस्तूंपैकी तेवढीच टिकली, असं मास्तर बायकोसमोर म्हणायचे. बायको काही कमी नव्हती. ती म्हणायची, "पिशवीची चेन तरी गेली. माझी जीभ अजून शाबूत आहे, ध्यानात ठेवा." चेन खरंच गेली होती. एका बाजूनं ती सरकायचीच नाही, तिथं मास्तर सेफ्टी पिन लावत. आतलं अस्तर दोनदा बदललेलं. तिच्यात साबणाची डबी, डबीला रबर, पेस्ट, रेझर, आखूड कंगवा, तेलाची अंगठ्याएवढी बाटली आणि दातांचे दोन ब्रश. एक लाल, एक हिरवा.

दोन का, तर हिरवा ब्रश बारक्याचा.

बारक्या हा त्यांचा जोडीदार. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीत लागला तेव्हा खरंच बारीक होता, वारा आला तर दाराला धरून उभा राहील असा. आता चांगलं पोट सुटलं होतं, पण नाव एकदा पडलं की पडलं. पहिल्या दौऱ्याला हा पठ्ठ्या जे सामान घेऊन आला ते बघून मास्तर बसस्टँडवरच कपाळाला हात लावून बसले. शॅम्पू, पावडर, दोन प्रकारची क्रीम, अत्तर, स्टँडवाला आरसा, टाच घासायचा दगड. अख्खं न्हाणीघर उचलून आणलं होतं.

"लिफ्टला निघालायस की स्वतःच्या लग्नाला?" मास्तरांनी विचारलं.

बारक्या लाजला. म्हणाला, "आईनं भरलं."

शॅम्पूची बाटली बसमध्येच फुटली. बाटली त्याची, पण भिजले दोघांचेही कपडे. वाळवून घातले, आणि दुसऱ्या दिवशी मशीनरूमच्या उकाड्यात घाम आला तसा बारक्याच्या शर्टाला फेस यायला लागला. दाराशी उभा असलेला वॉचमन घाबरून विचारतो, "यांना काही झालंय का?" मास्तर हसून हसून खाली बसले. त्या दिवशी संध्याकाळी लॉजच्या पलंगावर त्यांनी बारक्याचं सगळं सामान पसरलं. एकेक वस्तू उचलून विचारायचे, "हे काल वापरलंस?" नाही. "आज?" नाही. "मग ते घरी." करता करता पलंगावर एक हिरवा ब्रश उरला. तो मास्तरांनी उचलला आणि आपल्या पिशवीत टाकला. "ब्रश तेवढा तुझा. बाकी माझ्यातलं वापर. दोघांत एक पिशवी पुरे."

तेव्हापासून एकच पिशवी. साबण एक, पेस्ट एक. बारक्या पेस्ट मध्येच दाबायचा, त्यावरून मास्तर वर्षभर त्याच्या मागे लागले. शेवटी तो शेपटाकडून गुंडाळत यायला शिकला, आणि इतका शिकला की घरी जाऊन बायकोला शिकवायला लागला. बायको वैतागून मास्तरांकडे तक्रार घेऊन आली. "यांचा ब्रश तुमच्याकडे नांदायला आलाय तो आलाय, आता नियमही तुमचेच आमच्या घरी?" सगळे हसले. दोन्ही घरांत असं येणंजाणं होतं. मास्तरांची बायको बारक्याला भावजी म्हणायची आणि दौऱ्याहून आल्यावर तो आधी त्यांच्याकडे चहा प्यायचा, मग स्वतःच्या घरी जायचा.

मास्तरांचा आणखी एक नियम होता, आणि तो त्यांनी बारक्याच्या डोक्यात हातोडीनं ठोकावा तसा ठोकला होता. दौऱ्याहून घरी आल्यावर कपडे काढा, धुवा, काय ते करा. दाढीची पिशवी मात्र रिकामी करायची नाही. संपलं असेल ते भरायचं आणि पिशवी होती तशी परत सॅकच्या तळाशी. जो पिशवी रिकामी करतो तो पुढच्या वेळी काहीतरी विसरतो. जो करत नाही, त्याला निघायला चपला घालण्यापुरता वेळ पुरतो.

कामात दोघं का लागतात, तेही सांगायला हवं. लिफ्टच्या अगदी तळाला, तळमजल्याच्याही खाली, एक खड्डा असतो. तिथं उतरून साफसफाई करावी लागते, स्प्रिंगा बघाव्या लागतात, दोर तपासावे लागतात. आणि डोक्यावर टांगलेली असते केबिन. तुम्ही खाली असताना कुणी चुकून लिफ्ट चालू केली, तर पळायला जागा नसते. म्हणून एक माणूस वर मेन स्विचपाशी उभा राहणार आणि दुसरा खाली उतरणार. खाली बहुतेक मास्तरच उतरत. बारक्याचं पोट शिडीशी भांडतं, असं ते म्हणायचे. म्हणजे महिन्यातून कितीतरी वेळा मास्तरांचा जीव बारक्याच्या हातात असायचा. बायकोवरही कुणी एवढा विश्वास टाकत नाही. खोटं कशाला बोला, टाकायची वेळही येत नाही.

मग ऑफिसात नवे साहेब आले. नव्या साहेबाला काहीतरी बदलल्याशिवाय चैन पडत नसते. त्यांनी मास्तरांना आपल्या खोलीत बोलावलं, बसा म्हणाले, चहा मागवला. साहेबानं चहा मागवला की मास्तर सावध व्हायचे.

"मास्तर, एका लिफ्टला दोन माणसं कशाला? दौरे तुम्ही एकटे करा. बारक्याला गोदामात बसवू."

मास्तर म्हणाले, "साहेब, खड्ड्यात एकट्यानं उतरायचं नसतं. आणि त्याला गोदामात बसवून मी दौरे करायचे? ते तर नाहीच जमायचं. दोघं जाऊ, नाहीतर कुणीच नाही."

"विचार करा. दोघांपैकी एक गोदामात जाणार, हे मात्र नक्की."

"विचार झाला साहेब," असं म्हणून मास्तर चहा न पिताच उठले.

गोदाम म्हणजे ऑफिसच्या मागची पत्र्याची खोली. तिथं बसून दिवसभर रोलर आणि बोल्ट मोजून द्यायचे. तीस वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसाला तिथं बसवणं म्हणजे शिडी आडवी करून भिंतीशी ठेवणं. मास्तर मरणाला भीत नव्हते तेवढे त्या खोलीला भीत. तरी ते नाही म्हणाले. आपण नाही म्हटलं तर उद्या आपल्यालाच तिकडं पाठवतील, हे न कळण्याइतके काही ते खुळे नव्हते. पण बारक्याही नाही म्हणाला तर साहेब काय करणार? दोघांनी एकच उत्तर दिलं तर साहेबाचे हात बांधलेले. सगळं त्या एका उत्तरावर होतं.

बारक्याला त्यांनी एवढंच सांगितलं, "साहेब तुला विचारतील, एकट्यानं जमेल का. आपलं उत्तर एकच." आधी आपल्याला विचारलं होतं आणि बारक्याला गोदामात टाकायचं घाटत होतं, हे त्यांनी गिळून टाकलं. पोराला उगाच लागेल.

बारक्या म्हणाला, "हे काय सांगायला पाहिजे, मास्तर? तुम्ही नसलात तर मला माझा ब्रशसुद्धा सापडायचा नाही."

मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले, "माणूस जोडावा तर असा."

साहेबांनी मास्तरांकडे तो विषय पुन्हा काढला नाही. पुढं बारक्याची सासू आजारी पडली. त्याची दोन-तीन दिवसांची रजा, मग पुन्हा, मग पुन्हा. तेवढे दौरे पुढं ढकललेत, असं ऑफिसातून कळायचं. मास्तर घरी बसून कंटाळायचे, पण तक्रार केली नाही. त्यांची बायको म्हणाली, "भावजी, मी जाऊन बसते ना त्यांच्यापाशी, तुमच्या बायकोला जरा आराम." बारक्या घाईनं म्हणाला, "नको वहिनी, डॉक्टरांनी गर्दी करू नका सांगितलंय." बिचारी फळं तेवढी पाठवत राहिली.

अखेर दौरा ठरला. दोघं निघाले, लॉजवर नेहमीची खोली मिळाली. सकाळी हॉस्पिटलची लिफ्ट करायची होती. बारक्या लवकर उठला, आंघोळ केली आणि "चहा सांगून येतो" म्हणून खाली गेला. मास्तर दाढी करत होते. हनुवटीला कापलं. चिकटपट्टी हत्यारांबरोबर बारक्याच्या सॅकमध्ये असायची, म्हणून त्यांनी ती सॅक पुढं ओढली आणि आत हात घातला. विचारायचा प्रश्नच नव्हता. एकमेकांच्या सॅकमध्ये हात घालायला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

पट्टी वरच होती. पण हात आधीच तळाशी गेला होता, तिथं काहीतरी मऊ लागलं. बाहेर काढलं तर निळी, छान, छोटी दाढीची पिशवी. चेन अशी की बोटानं सरकावी.

आता हसू नका, पण मास्तरांचा ऊर पहिल्यांदा आनंदानंच भरून आला. त्यांना वाटलं, आपल्या पिशवीची चेन गेलीय म्हणून बारक्यानं गुपचूप नवी आणली. मागे दोनदा म्हणाला होता, "मास्तर, हिला आता पेन्शन द्या." दौऱ्याच्या शेवटी देणार असेल. बघितलं नाही असं दाखवून परत ठेवावी, असंही त्यांच्या मनात आलं. पण नव्या वस्तूची चेन कुणाला ओढावीशी वाटत नाही? त्यांनी ओढली.

आत सामान भरलेलं होतं. साबणाची डबी, डबीला रबर. मास्तरांनी रबर काढलं. साबण झिजून पापडासारखा झाला होता. पेस्ट शेपटाकडून अर्ध्यावर गुंडाळत आणलेली, घडी कशी सरळ आणि दाबून बसवलेली. रेझर वापरलेला. तेलाची बाटली अंगठ्याएवढी, निम्मी. एकही वस्तू जास्तीची नाही. आणि एकच ब्रश, त्याचे केस वाकलेले.

मास्तर पलंगावर बसले. हनुवटीवरून रक्त बनियनवर उतरत होतं, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं.

त्यांनी मनाला समजावून बघितलं. सुतावरून स्वर्ग गाठू नये. सासूच्या उशाशी राहायला नेली असेल. हो, तसंच असेल. पण सासू राहते बारक्याच्याच घरी, वरच्या खोलीत. घरातल्या घरात राहायला कोण पिशवी भरतं? आणि साबण काय एका दिवसात झिजतो? नव्या पिशवीचं काही वाटलं नसतं, कुणीही घ्यावी. वापरलेल्या पिशवीचं मात्र उत्तर सापडेना. हा माणूस मुक्कामाला जात होता. आपल्याशिवाय.

आणि सापडला कसा, तर मास्तरांच्याच नियमानं. घरी गेल्यावर पिशवी रिकामी करायची नाही, होती तशी सॅकच्या तळाशी ठेवायची. पंधरा वर्षांची सवय. लपवायची गोष्टसुद्धा बारक्यानं शिकवल्याप्रमाणं नीट जागेवर ठेवली होती. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय! मास्तरांना हसू येणार होतं, आलं नाही.

चहा घेऊन बारक्या आला तेव्हा सॅक होती तिथं होती. "कापलं वाटतं," तो म्हणाला. "हो," मास्तर म्हणाले. चहाला चव नव्हती. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही, कारण मनाच्या एका कोपऱ्यात अजून वाटत होतं की काहीतरी साधी गोष्ट निघेल आणि आपण आपल्यालाच शिव्या घालू.

हॉस्पिटलात पोचले. रुग्णांसाठी बाजूची लिफ्ट चालू होती, ही बंद ठेवून करायची होती. बारक्या जिन्यानं वर मशीनरूमकडे गेला. मास्तरांनी लिफ्टचं तळमजल्यावरचं दार किल्लीनं उघडलं आणि खड्ड्यात टॉर्च मारला.

खड्डा स्वच्छ होता.

आता हॉस्पिटलच्या लिफ्टचा खड्डा कसा असतो ते मास्तरांना विचारा. महिनाभर कुणी उतरलं नाही की कागदी कप, औषधांची पाकिटं, लहान मुलांचे मोजे, काय वाटेल ते फटीतून पडून साठतं. तिथं तीन महिने कुणी आलेलं नाही, अशी त्यांची समजूत होती. आणि खाली फरशी दिसत होती. बाजूच्या लोखंडी पट्ट्यांना ताजं तेल. कोपऱ्यात चिंधी वाळत टाकलेली, चौकोनी घडी करून. ती घडीही मास्तरांनीच शिकवलेली.

म्हणजे इथंच आला होता. एकटा. या खड्ड्यात एकटा उतरला होता, वर कुणी नसताना. मास्तरांना आधी राग नाही, धडकी भरली. काही झालं असतं तर? मग धडकी ओसरली आणि जे उरलं ते फार वाईट होतं. त्यांना लाज वाटली. जणू फसवलं त्यांनी होतं.

पद्धत अशी होती की खालच्यानं लिफ्टच्या पोकळीतून वर ओरडून विचारायचं, "बंद?" वरच्यानं मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून हातात घ्यायचा आणि मगच म्हणायचं, "बंद." त्यानंतर खालचा उतरतो.

मास्तरांनी विचारलं, "बंद?"

वरून बारक्याचा आवाज आला, "बंद!"

मास्तरांनी एक पाय शिडीवर ठेवला. दुसरा उचलेना. पंधरा वर्षांत या शब्दावर ते कितीदा उतरले असतील, मोजदाद नाही. झोपेत सांगितलं असतं तरी उतरले असते. आज त्यांना प्रश्न पडला, खरंच बंद केलं असेल का? आणि तो प्रश्न पडला याचंच त्यांना रडू आलं. बारक्या त्यांचा जीव घेणार नव्हता, ते त्यांनाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं. पाय काही उचलला नाही.

त्यांनी दार लावलं, किल्ली फिरवली आणि जिना चढायला लागले. सहा मजले. गुडघे बोलत होते, त्यांना बोलू दिलं.

मशीनरूममध्ये बारक्या स्विचपाशी उभा होता. स्विच पडलेला, फ्यूज त्याच्या हातात. सगळं बरोबर.

"काय झालं मास्तर? बंद म्हटलं ना मी."

"बघायला आलो."

बारक्यानं त्यांच्याकडे बघितलं. पंधरा वर्षांत मास्तर कधी बघायला आले नव्हते. त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. काय कळलंय, ते त्याला न सांगता कळलं.

"सासूबाई..." त्यानं सुरुवात केली.

"त्यांचं नाव काढू नकोस. माझी बायको त्यांच्यासाठी फळं पाठवत होती. कुणी खाल्ली ती?"

बारक्या हातातला फ्यूज फिरवत राहिला.

"किती वेळा आलास?"

"तीनदा. साहेब म्हणाले, जमतंय का बघ. कुणाला बोलू नको."

"आणि जमलं."

"जमलं." मग तो घाईघाईनं म्हणाला, "मशीनरूमला बाहेरून कुलूप लावून उतरत होतो मास्तर. फ्यूज खिशात ठेवून. धोका नव्हता."

"आता पुढं?"

"पुढच्या महिन्यापासून मी एकटा. तुम्हाला गोदामात... तिथं पंखा आहे, खुर्ची आहे. तुमच्या गुडघ्यांना बरं."

"माझ्या गुडघ्यांची दया आज आली तुला?" मास्तरांचा आवाज चढला नाही, उलट बसला. "मी तुझं काय घोडं मारलं होतं रे?"

बारक्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तुम्हीही मला सांगितलं नव्हतंत. साहेबांनी आधी तुम्हाला विचारलं होतं."

हे ऐकलं आणि मास्तरांना एकदम सुटल्यासारखं झालं. अस्सं होय! याचा गैरसमज झाला. याला वाटलं, मास्तर आतून साहेबाशी संधान बांधतायत, म्हणून यानंही बांधलं. गैरसमज काय, कुणाचाही होतो. ते घाईनं पुढं झाले, बारक्याच्या दंडाला धरलं. "अरे वेड्या, मी नाही म्हणालो. तोंडावर नाही म्हणालो. तुला गोदामात टाकणार होते, म्हणून तर..."

"माहीत आहे," बारक्या म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तुम्ही माझ्यासाठी नाही म्हणालात, ते. साहेबांनीच सांगितलं मला बोलावलं तेव्हा. पहिल्याच दिवशी."

मास्तरांचा हात त्याच्या दंडावरून खाली आला.

"आणि तरी तू हो म्हणालास."

"पोरं लहान आहेत मास्तर. तुमचं सगळं मार्गी लागलंय."

"मग मला विचारायचं होतंस. एवढंच म्हणायचं होतंस, मास्तर, मला द्या. मी दिलं असतं की रे. कुरकुर केली असती, दोन दिवस बोललो नसतो, पण दिलं असतं."

"तुम्ही दिलंच असतंत." बारक्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कडू. "म्हणूनच नाही विचारलं. साबण तुमचा, पेस्ट तुमची, नोकरी पण तुम्ही दिलेली म्हणून करायची? पंधरा वर्षं लोक म्हणतायत, मास्तरांचा बारक्या. माझं मला काही जमतं का, ते एकदा बघायचं होतं."

हे मास्तरांनी कधी मनातही आणलं नव्हतं. त्यांना वाटायचं, एक पिशवी म्हणजे एक घर. त्यात एकाला भाडेकरूसारखं वाटत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी ते कबूल केलं. मनात केलं, तोंडानं नाही. पण त्यानं दुखणं कमी झालं नाही. दुखण्याचं कारण समजलं म्हणून जखम भरत असती तर डॉक्टर उपाशी मेले असते.

"बघायचं होतं तर माझ्यासमोर बघायचंस," ते म्हणाले. "मी टाळ्या वाजवल्या असत्या. माझ्या घरचा चहा पीत पीत खोटं कशाला बोललास? एक सोडून तीनदा. केसानं गळा कापलास बघ."

खालून कुणीतरी विचारलं, लिफ्ट कधी चालू होणार. हॉस्पिटलवाल्यांना यांच्या भांडणाशी काय देणंघेणं? काम उरकायलाच हवं होतं. बारक्यानं डोळे पुसले आणि नेहमीप्रमाणं म्हणाला, "तुम्ही उतरता ना? मी आहे इथं."

"नाही. खाली तू जा."

"नेहमी तुम्ही..."

"तू वर असताना मला आता उतरता येत नाही," मास्तर म्हणाले. "मी करून बघितलं. पाय उचलत नाही."

बारक्या उभाच राहिला. त्याला ते वाक्य शिव्यांपेक्षा लागलं असावं. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं ऐकून घेतल्या असत्या आणि संध्याकाळी पाया पडला असता. इथं पाया पडून होण्यासारखं काही नव्हतं. त्यानं फ्यूज मास्तरांच्या हातात ठेवला, किल्ली घेतली आणि जिना उतरायला लागला. त्याच्या चपलांचा आवाज एकेका मजल्यानं कमी होत गेला.

मास्तर स्विचपाशी येऊन उभे राहिले. स्विच पडलेला आहे हे एकदा डोळ्यांनी बघितलं, एकदा हातानं. फ्यूज शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. दाराला आतून कडी घातली. राग इतका होता की स्वतःवरच भरवसा वाटेना, म्हणून स्विच तिसऱ्यांदा तपासला. आपल्या हातून त्याचं काही वाईट व्हायला नको.

खालून हाक आली. "मास्तर, बंद?"

"बंद."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. जरा थांबलाही नाही. लोखंडी शिडीवर लगेच पावलं वाजली, एकामागून एक, आणि बारक्या सरळ खाली उतरला.